नव्यानं वाकळ शिवणाऱ्याला काय भेट द्यावी?

भाऊबीज, वाढदिवस, संक्रांतीचं वाण, नाहीतर "सूनबाईंना क्विल्टिंगचा नाद लागलाय, त्यांच्यासाठी काहीतरी दाखवा". अशा निमित्तानं आमच्या दुकानात येणारे बहुतेक जण आधी रंगीबेरंगी रिळांनी भरलेला मोठा शिवणसंच मागतात. तो आम्ही ठेवणं बंद केलंय. त्यातली कात्री धड कापत नाही, दोरा ताण दिला की तुटतो, आणि डबा महिन्याभरात कपाटावर जातो. त्याच पैशांत दोन-तीन नेमक्या वस्तू येतात. पहिली वाकळ पुरी व्हायला त्याच लागतात.

हातानं की मशीनवर?

आमचा पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून घरून निघतानाच विचारून या. दोन्हीचं सामान वेगळं.

आज्जीच्या पद्धतीनं हातानं शिवायचं, म्हणजे मऊ पडलेली सुती लुगडी नाहीतर धोतरं एकावर एक अंथरायची, वर चिंध्यांचे चौकोन, आणि कडेनं आत फिरत जाणारा धावदोरा. याला सामान थोडं लागतं, पण ते चांगलंच हवं. क्विल्टिंगची हातसुई आखूड असते, त्यामुळं टाका बारीक पडतो. हातसुईचा आकडा वाढला की सुई बारीक होते. मशीनच्या सुईचं नेमकं उलट, आकडा वाढला की सुई जाड. या गोंधळात चुकीचं पाकीट नेणारे पुष्कळ. लुगड्यांचे थर जाड असतील आणि दोराही जाड असेल, तर मोठ्या नेढ्याची, जरा लांब सुई घ्या. दोऱ्यासोबत मेणाची वडी दिलीत तर उत्तम. मेणावरून ओढलेला दोरा गुंतत नाही.

यात सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे अंगुस्तान, सुई ढकलताना बोटात घालायची टोपी. ते नसेल तर दुसऱ्याच दिवशी बोटाला भोक पडतं आणि हौस तिथंच थांबते. विकत घेताना वरचे खळगे बघा. ते खोल असले तर सुईचं बूड त्यात बसतं, उथळ असले तर निसटून नखाखाली जातं. मापासाठी मधल्या बोटात घालून हात खाली करून हलवायचा. गळून पडलं तर सैल, बोटाचं टोक ठणकायला लागलं तर घट्ट. भेट गुपचूप द्यायची असेल तर त्यांची एखादी मधल्या बोटातली अंगठी आणा, अंदाज येतो. हळदीकुंकवाला वाण म्हणूनही अंगुस्तान आणि एक रीळ छान दिसतं, प्लॅस्टिकच्या डब्यांपेक्षा नक्कीच.

मशीनवर शिवणाऱ्यांसाठी

इथं खर्च कापणीवर करा. वाकडा कापलेला चौकोन सरळ शिवता येत नाही. चाकासारखं गोल पातं असलेला रोटरी कटर जपानच्या ओल्फा कंपनीनं १९७९ साली बाजारात आणला. तेव्हापासून तो क्विल्ट करणाऱ्यांच्या टेबलावरच आहे. पात्याचं माप २८, ४५ किंवा ६० मिलिमीटर असतं. नवशिक्याला ४५ पुरतं. मात्र नुसता कटर देऊ नका. त्याच्याखाली खास मॅट हवी आणि वर जाड पारदर्शक पट्टी हवी. १८ बाय २४ इंचाची मॅट आणि ६ बाय २४ इंचाची पट्टी, एवढ्यात काम भागतं. बजेट कमी असेल तर तिघांनी मिळून तीन वस्तू द्या. मॅट उन्हात गाडीत ठेवू नका आणि तिच्यावर इस्त्री फिरवू नका. एकदा वाकली की सरळ होत नाही. घरात लहान मूल असेल तर पातं झाकणारं कुलूप असलेलाच कटर घ्या. हे पातं खरंच बोट कापतं.

पट्टीवर पाव इंचाच्या, म्हणजे दोन सुतांच्या खुणा ठळक आहेत का बघा, कारण क्विल्टमध्ये माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर राहणारं कापड, तेवढीच सोडतात. सहा चौकोनांच्या ओळीत पाच जोड येतात. माया एक सूत जास्त धरली तरी दर जोडाला दोन सूत जातात आणि ओळ सव्वा इंचानं आखूड होते. शेजारची ओळ बरोबर असेल तर दोन्ही जुळणारच नाहीत. म्हणून चुंबकाची किंवा चिकटणारी शिवण-मार्गदर्शक पट्टी ही स्वस्तातली फार कामाची भेट आहे. जोडीला उसवायचा रिपर द्या. तो रोज लागतो. दिलात म्हणून कुणी वाईट वाटून घेत नाही.

सगळे थर एकाच वेळी पुढं सरकवणारा वॉकिंग फूट (मशीनवर कापड दाबून धरणारा पाय) देण्याआधी मशीनचं नाव आणि जुना फूट घेऊन या. सगळ्या मशीनला तो बसत नाही. मशीनच भेट द्यायचा विचार असेल तर शिवणाऱ्यालाच सोबत आणा.

कापड द्यायचं तर

दोन बाय तीन मीटरच्या चादरीचं स्वप्न बहुतेक वेळा अर्धवट राहतं, म्हणून सुरुवात बाळाच्या दुपट्यानं करावी. ३६ बाय ३६ इंच, सहा इंची चौकोन छत्तीस. माया धरून प्रत्येक चौकोन साडेसहा इंच कापायचा. ४४ इंच पन्याचं कापड असेल तर सहा रंग, प्रत्येकी पाव मीटर. मागच्या बाजूला सव्वा मीटर, कडेच्या गोटाला तीस सेंटिमीटर, आणि मधल्या थराला चाळीस इंच चौकोनी वॅडिंग, म्हणजे आत घालायचा तयार मऊ थर. एवढं एका कागदात बांधून दिलंत की ती व्यक्ती त्याच संध्याकाळी कामाला लागते. इचलकरंजीचं सुती पॉपलिन यासाठी झकास चालतं. धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापायला सांगा. सुती कापड आटतं. लाल आणि गडद निळा आधी ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून बघावा. रंग कच्चा असेल तर पहिल्याच धुण्यात सगळं दुपटं गुलाबी होतं.

पिंजलेला कापूस नवशिक्याला नको. टाक्यांच्या ओळी जवळ नसतील तर आत गोळे होतात. शिंप्याकडच्या फुकट चिंध्याही तपासून द्या. त्यात पॉलिस्टरचे तुकडे असतात, आणि सुतीची गरम इस्त्री लागली की ते वितळतात. आजीचं लुगडं मात्र जरूर द्या, फक्त विरलेलं नाही ना ते उजेडात धरून बघा.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघड्यावरच्या सुया गंजतात आणि कापडावर तपकिरी ठिपके सोडतात, म्हणून सुयांसोबत झाकणाची छोटी डबी देतो, तिचे पैसे घेत नाही.

कात्री फक्त कापडासाठीच ठेवायची. कागद कापला की धार जाते. मुठीला रंगीत चिंधी बांधून द्या, म्हणजे घरातले बाकीचे हात लावत नाहीत. रिकामी कात्री वाजवली की भांडणं होतात म्हणतात. आमच्या अनुभवानं भांडणं कागद कापल्यामुळंच होतात.

कापलेलं कापड परत घेता येत नाही. न उघडलेली सुई, पट्टी, कटर, फूट पंधरा दिवसांत बिल दाखवून बदलून मिळेल. भेट बांधून हवी असेल तर बिल वेगळ्या पाकिटात मागून घ्या.