ओखोस देल सालादो आकोन्काग्वाहून उंच नाही

चिली आणि अर्जेंटिना यांच्या सीमेवर, अताकामाच्या उंच वाळवंटी पठारावर असलेला ओखोस देल सालादो हा जगातील सर्वांत उंच ज्वालामुखी. परंतु तो दक्षिण अमेरिकेतल्या सर्वोच्च शिखरापेक्षा, म्हणजे आकोन्काग्वापेक्षाही उंच असल्याचे नाशिकच्या गिर्यारोहकांत अजूनही ठामपणे सांगितले जाते, ते खरे नाही. या समजाचे मूळ 1956 सालच्या चिलीच्या मोहिमेत आहे. तिने हवेच्या दाबावरून 7084 मीटर उंची काढली. मात्र तेवढ्या उंचीवर दाबात एका हेक्टोपास्कलचा (हवेच्या दाबाचे एकक) फरक पडला, तरी उत्तर सुमारे 17 मीटरने सरकते. साल्हेरच्या माथ्यावर घड्याळातला अल्टिमीटर (दाबावरून उंची सांगणारे उपकरण) ऋतूगणिक वेगळा आकडा दाखवतो, तो याचमुळे. त्याच वर्षी अमेरिकी पथकाने थिओडोलाइटने कोन मोजून 6885 मीटर हा आकडा दिला आणि पुढे जीपीएस मोजणीत 6893 आला. आकोन्काग्वा 6961 मीटर आहे, म्हणजे वाद उरत नाही.

उपग्रह-नकाशाचा दाखला देणाऱ्यांनीही जरा जपून बोलावे. 2000 साली अंतराळयानातून झालेल्या रडार मोजणीत सुमारे 30 मीटर बाजूच्या चौकोनाला एकच आकडा मिळतो, त्यामुळे अरुंद, टोकदार माथा प्रत्यक्षाहून ठेंगणा दिसतो.