बंदिश प्रभाताईंची, पण राग? मारू बिहागचा घोळ

परवा आमच्या बडोद्यात दांडिया बाजारात एका घरगुती बैठकीला गेले होते, आत्याही होती सोबत. निवेदकांनी सांगितलं, "आता डॉ. प्रभा अत्रे यांनी निर्माण केलेला राग मारू बिहाग." आत्या उठायलाच निघाली, मी हात धरून बसवलं. "अगं बंदिश तिची, राग कसा तिचा?" हे तिचं वाक्य मागच्या दोन ओळींना तरी ऐकू गेलं असणार.

प्रभाताई म्हणजे शास्त्रीय गायिका, स्वतः बंदिशीही रचणाऱ्या. बंदिश त्यांची म्हणजे रागही त्यांचाच, हा घोळ खूप जणांचा होतो, म्हणून लिहितेय.

राग म्हणजे सुरांची चाल-चलणूक. मारू बिहागात चढताना रे आणि ध वगळतात, उतरताना सगळे सूर येतात, सगळा जीव तीव्र मध्यमात (म्हणजे चढ्या म मध्ये) आणि शुद्ध मध्यम (साधा म) मधेच हळूच डोकावून जातो. यात शब्द नाहीत, ताल नाही, नुसता 'आ' म्हणत आलाप केलात, म्हणजे सावकाश सूर उलगडलेत, तरी जाणकार ओळखतो. बंदिश म्हणजे त्या रागात बांधलेली एक चीज, तिला शब्द असतात, ताल असतो, स्थायी-अंतरा असे दोन भाग असतात आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणारा मुखडा (सुरुवातीची ओळ) असतो. 'जागू मैं सारी रैना' ही मारू बिहागातली द्रुत (जलद) तीनतालातली चीज प्रभाताईंची. मारू बिहाग त्यांच्या आधीपासून गायला जातोय, 'तडपत रैना दिन' पण त्यातलीच. कलावती रागाचं तसंच, राग आधीचा, 'तन मन धन' ही बंदिश त्यांची.

गंमत म्हणजे प्रभाताईंनी राग सुद्धा घडवलेत! अपूर्व कल्याण, पटदीप-मल्हार, तिलंग-भैरव, रवी भैरव. म्हणजे निवेदकांनी अपूर्व कल्याणबद्दल तेच वाक्य म्हटलं असतं तर बरोबर ठरलं असतं. राग घडवणं मला जास्त अवघड वाटतं कारण शेजारच्या रागांची सावली पडू न देता नवीन चलन उभं करायचं, आणि ते दुसऱ्या कुणी गायलं तरी टिकलं पाहिजे. पण जीव माझा बंदिशीतच अडकतो. जुन्या बंदिशींत सासू-नणंदेला घाबरणारी, पियाची वाट बघणारी बाईच बोलत असते पण लिहिणारे बहुतेक पुरुष, जुने ख्याल-रचनाकार सदारंग घ्या किंवा आमच्या बडोद्याचे गायक फैयाज खाँसाहेब घ्या, 'प्रेमपिया' नावाने रचायचे ते. तिथे एका बाईने स्वतःचे शब्द स्वतः बांधून स्वतः गायचे ही मोठीच गोष्ट आहे, आणि एकदोन नाही, त्यांच्या बंदिशींची अख्खी पुस्तकं आहेत, 'स्वरांगिनी' आणि 'स्वररंजनी'.

आणि उलटा घोळ पण होतो बरं का. 'कौन गली गयो श्याम' ही ठुमरी त्यांच्या आवाजात इतकी डोक्यात बसलीय की लोक तीही त्यांचीच रचना समजतात, ती पारंपरिक आहे. गाणारी आणि रचणारी प्रत्येक वेळी एकच असते असं नाही.

बाकी प्रभाताईंबद्दल थोडक्यात: जन्म पुण्यात 1932 चा, विज्ञान आणि कायदा दोन्ही शिकल्या, सरगमवर (सा रे ग म अशी सुरांची नावं घेत गाण्यावर) डॉक्टरेट, 2022 मध्ये पद्मविभूषण, 13 जानेवारी 2024 ला गेल्या. गुरू सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर. हिराबाईंचा जन्म मिरजेचा तरी नावात बडोदा आहे, कारण वडील अब्दुल करीम खाँसाहेब इथे दरबारात गायक होते आणि आई ताराबाई इथल्याच. त्यामुळे आत्याला प्रभाताई घरच्याच वाटतात.

बैठक संपल्यावर आत्या निवेदकांकडे गेलीच. त्यांनी नीट ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "मग अपूर्व कल्याणचं रेकॉर्डिंग आहे का तुमच्याकडे?" आत्या म्हणाली, "उद्या चहाला या, ऐकवते."