खेळदालन, बंदिस्त

खेळणी हाच मुख्य विषय असलेले, छताखालचे, तिकीट काढून आत जायचे मुलांचे क्रीडास्थान. ठाणे व नवी मुंबईत ‘प्ले झोन’, ‘प्ले एरिया’, ‘सॉफ्ट प्ले’ या नावांनी ते ओळखले जाते. चेंडूंचा हौद म्हणजे बॉलपूल, जाळीचे बोगदे, घसरगुंड्या, ठोकळ्यांची मेजे, भातुकलीच्या धर्तीचे लुटुपुटीचे स्वयंपाकघर व दुकान आणि रांगत्या मुलांसाठी वेगळा मऊ कोपरा ही त्याची नेहमीची अंगे होत. कार्ड घासून खेळायच्या यंत्रांचे ‘गेम झोन’ बहुधा त्याला लागूनच असते. या नोंदीत त्याचा विचार केलेला नाही. घाटकोपरच्या आर सिटी मॉलमधील किडझानिया (२०१३) येथे मुले मोठ्यांचे व्यवसाय वठवतात, म्हणजे भर भूमिकेवर असतो, खेळण्यावर नाही. नेरूळचे वंडर्स पार्क (२०१२) उघड्यावरचे आहे. ही दोन्ही ठिकाणे त्यामुळे या वर्गात बसत नाहीत.

या दालनांची वंशावळ दोन प्रकारे मांडली जाते. एक मत त्यांना जत्रेच्या आणि नाण्यावर चालणाऱ्या यंत्रखेळांच्या घराण्यातले मानते. नोलन बुशनेल यांनी १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे पिझ्झाचे उपाहारगृह आणि यंत्रखेळ एका छताखाली आणले. मॉलमधील खाणे व खेळणे यांची आजची जोडी तिथून आली, असे हे मत सांगते. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. दुसरे मत मात्र उगम बालोद्यानांच्या रचनेत आणि बालशिक्षणात शोधते. खेळणी व साधने यांच्या बाजूने पाहिले, तर हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

चेंडूंच्या हौदाचे श्रेय सामान्यतः एरिक मॅकमिलन या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या, कॅनडात काम केलेल्या रचनाकाराला दिले जाते. टोरँटोच्या ऑन्टारिओ प्लेस येथे १९७२ च्या सुमारास त्याने मुलांसाठी खेळगाव उभारले. पहिला हौद मात्र तिथला नव्हे. तो बहुधा १९७६ मध्ये सॅन डिएगोच्या सीवर्ल्ड उद्यानात झाला. ही दोन कामे एकच समजली गेल्याने काही ठिकाणी हौदाचा काळ चार वर्षे मागे नेलेला आढळतो. मुरवलेल्या कांद्यांची बरणी पाहून ही कल्पना सुचली, अशी कथा प्रचलित आहे. ती मागाहून सांगितलेली असल्याने जपूनच स्वीकारावी. हौदातला चेंडू पोकळ, पातळ पॉलिएथिलीनचा, साधारण ६ ते ८ सेंमी. व्यासाचा असतो. तो दाबला की चेपतो आणि सोडला की फुगून वर येतो. त्यामुळे पडणाऱ्या मुलाचा भार एकाच जागी न येता आजूबाजूच्या चेंडूंत वाटला जातो.

एकमेकांत अडकणाऱ्या ठोकळ्याच्या उगमाबाबतही बरीच चर्चा झाली आहे. सर्वसामान्य समजूत अशी की तो डेन्मार्कच्या लेगो कंपनीचा शोध. प्रत्यक्षात ब्रिटनमध्ये १९३५ पासून ‘मिनीब्रिक्स’ हे रबरी ठोकळे मिळत होते, आणि किडिक्राफ्ट या ब्रिटिश खेळणी-कंपनीचा संस्थापक हिलरी फिशर पेज (१९०४–५७) याने १९४७ मध्ये प्लॅस्टिकचे, वर खुंट्या असलेले ठोकळे बाजारात आणले. लेगोचे १९४९ चे ठोकळे याच नमुन्यावरून घडवले गेले. कंपनीनेही हे पुढे मान्य केले आहे आणि १९८१ मध्ये किडिक्राफ्टच्या ठोकळ्याचे हक्क विकत घेतले. मग लेगोचे स्वतःचे काय? तर आतल्या नळ्या. आधीचा ठोकळा आतून पोकळ असल्याने रचना उचलली की सुटून यायची. २८ जानेवारी १९५८ रोजी नोंदवलेल्या एकस्वाच्या (पेटंटच्या) अर्जात पोकळीत नळ्या आल्या, आणि खालच्या ठोकळ्याच्या खुंट्या त्या नळ्या व भिंती यांच्यामध्ये घट्ट धरल्या जाऊ लागल्या. खुंटीचा व्यास ४.८ मिमी. आणि दोन खुंट्यांच्या मध्यांमधले अंतर ८ मिमी. ही मापे आजही तीच आहेत. म्हणून साठच्या दशकातला ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. आठ खुंट्यांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असे गणिताने दाखवले आहे. आधी दिला जाणारा सुमारे १० कोटींचा आकडा केवळ सहा थरांच्या उभ्या मनोऱ्यांचा होता. खेळदालनात लहान मुलांना मिळतो तो बहुधा दुप्पट मापाचा ठोकळा. घशात अडकण्याचा धोका टळावा हे त्यामागचे कारण.

याच्याही मागे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल यांच्या लाकडी घनांपर्यंत जाता येते. त्यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे बालशाळा काढली. फ्रबेल व इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांचे विचार महाराष्ट्रात रुजले त्यात ठाणे जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे केंद्र सुरू केले, आणि १९५७ पासून अनुताई वाघ (१९१०–९२) यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढवले. ही दोन्ही गावे २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात होती. विकतची माँटेसरी साधने खेड्याला परवडत नाहीत हे पाहून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांपासून साधने करण्यात आली. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली गेली. मुलाने हाताळावे, मोडावे, पुन्हा रचावे, हा त्या साधनांचा गाभा होता. आजच्या खेळदालनाची पारख करायलाही हीच कसोटी लावली पाहिजे. नुसते बटण दाबून दिवे लागणारे खेळणे त्या कसोटीला उतरत नाही, ठोकळ्यांचे साधे मेज उतरते.

ठाणे व नवी मुंबईत खेळदालनांचा प्रसार मॉलच्या मागोमाग झाला. ठाण्यात कोरम (२००९) व विवियाना या नावाने उघडलेला मॉल (२०१३), वाशीत इनऑर्बिट, सीवूड्स-दारावे स्थानकाच्या डोक्यावर सीवूड्स ग्रँड सेंट्रल या नावाने उभा राहिलेला मॉल (२०१७) ही त्याची मुख्य केंद्रे. ठाणे–वाशी लोकल २००४ मध्ये सुरू झाल्याने खाडीपलीकडे मुलांना घेऊन जाणे सोपे झाले होतेच. तुर्भ्याला डिसेंबर २०२० मध्ये उघडलेल्या आयकियाच्या दुकानातील ‘स्मोलंड’ हे बालदालन वेगळ्या परंपरेतले आहे. पालकांना खरेदी करता यावी म्हणून मूल तेथे सांभाळायला ठेवायचे, ही त्या स्वीडिश कंपनीची जुनी रीत. छताखालच्या खेळाला येथे हवामानाचाही आधार आहे. जून ते सप्टेंबर मैदाने चिखलात असतात आणि एप्रिल-मेमध्ये दुपारची घसरगुंडी हात लावू देत नाही.

कुटुंबाने दिवस घालवण्याची रीत थोडक्यात अशी. तिकीट बहुधा मुलाचे व तासाच्या हिशेबाने असते, सोबतच्या मोठ्या माणसाचे दर निराळे. शनिवार-रविवारी दर चढे. मुलाच्या मनगटाला पट्टी बांधतात. पायांत तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे सक्तीचे असतात. ते घरून नेले नाहीत तर तिथेच विकत घ्यावे लागतात. आई किंवा बाबा मुलाबरोबर बोगद्यात शिरतात. आजी-आजोबा कठड्याबाहेरच्या बाकावर पाण्याची बाटली, चपला आणि धाकटे भावंड सांभाळतात. त्यांच्यासाठी पाठीला टेकण असलेली बसायची सोय फार थोड्या ठिकाणी आढळते. खरे तर दिवसभराच्या या सहलीत सर्वांत जास्त वेळ बसून काढणारी माणसे तीच. तास संपल्याची हाक आली की रडारड होते, आणि ‘अजून अर्धा तास’ घेऊन ती मिटते. मग फूड कोर्ट.

सुरक्षिततेच्या बाजूने दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. सुट्या खेळण्यांना केंद्र सरकारचा खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश, २०२० लागू आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, आणि त्यामागे मुख्यतः आयएस ९८७३ ही मानकमालिका आहे. बोगदे, जाळ्या, चौकटी यांची बाब निराळी. युरोपात पूर्ण बंदिस्त खेळसाधनांसाठी ईएन ११७६ या युरोपीय मानकाचा दहावा भाग वापरतात. पालकाला स्वतः पाहता येण्याजोग्या जागा मोजक्या आहेत : लोखंडी नळ्यांवरचे फोमचे वेष्टन फाटलेले नाही ना, जाळीत मुलाचे डोके अडकेल एवढे भोक नाही ना, हौदाच्या तळाची गादी उघडी पडलेली नाही ना, आणि तीन वर्षांखालच्या मुलांचा कोपरा मोठ्या मुलांच्या धावण्याच्या वाटेत येत नाही ना. चिरलेला चेंडू हौदातून लगेच काढावा लागतो, कारण त्याची कड धारदार होते.