'आहो' की 'बाका'? एका जपानी शिवीचा नकाशा

नवरा ओसाकाचा, बायको टोकियोची. भांडण जुंपलं की तो म्हणणार 'आहो' आणि ती म्हणणार 'बाका'. दोन्हींचा अर्थ मूर्ख. मग एका शब्दाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तरी कुठे? १९९० साली या नवऱ्याने ओसाकातल्या एका टीव्ही कार्यक्रमाला पत्र लिहून हेच विचारलं.

वार्ताहर टोकियोहून निघाला आणि वाटेत लोकांना विचारत पश्चिमेकडे गेला. नागोयात त्याला 'तावाके' हा तिसराच शब्द भेटला. सेकिगाहाराजवळ 'तावाके' मागे पडून 'आहो' सुरू झाला. निर्माते मात्सुमोतो ओसामू यांना एवढ्यावर चैन पडेना. त्यांनी १९९१ मध्ये देशभरातल्या गावोगावच्या शिक्षण मंडळांना प्रश्नावल्या धाडल्या आणि उत्तरं नकाशावर मांडली.

नकाशात क्योतोभोवती वर्तुळं उमटली! 'बाका' पूर्वेला टोकियोच्या बाजूला होता, तसाच दूर पश्चिमेला क्युशूतही. मध्ये, क्योतो-ओसाकाच्या पट्ट्यात, 'आहो'. क्योतो हजारावर वर्षं राजधानी होती. तिथे नवा शब्द रुजला की तो माणसांबरोबर हळूहळू चहूकडे सरके आणि जुना आणखी बाहेर ढकलला जाई. म्हणजे कडेला सापडणारा 'बाका' जुना, केंद्रातला 'आहो' नवा. लोकसंस्कृतीचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी गोगलगायीच्या बोलीभाषांतल्या नावांवरून १९३० च्या सुमारास हेच मांडलं होतं. एका शिवीने त्या मांडणीला एवढं बळ द्यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

परिणामही या नकाशाप्रमाणेच बदलतो. ओसाकात मित्राने 'आहो' म्हटलं तर त्यात बरेचदा लाडच असतो. तिथे 'बाका' मात्र जिव्हारी लागतो. टोकियोत नेमकं उलट. माझ्या मते कारण असं: घरातला शब्द आपण आईकडून, भावंडांकडून, मित्रांकडून रागात आणि मायेतही ऐकलेला असतो. परमुलखातल्या शब्दाला ती माया चिकटलेली नसते, उरतो तो नुसता अपमान.

टोकियोतही 'बाका'चं वजन एकसारखं नाही. प्रेयसीने लाजून, लांबवून म्हटलेला 'बाकाऽ' म्हणजे लटका राग. शब्दांच्या वापराचा अभ्यास करणारे भाषाशास्त्रज्ञ अशा बोलण्याला लटका उद्धटपणा मानतात: नातं इतकं घट्ट की शिवीही चालते, आणि ती चालते म्हणूनच जवळीक दिसते. जोडशब्दांत तर अर्थ आणखी सरकतो. 'ओयाबाका' म्हणजे पोरांच्या कौतुकात वाहवत गेलेले आईबाप, 'बाकाजिकारा' म्हणजे अचाट ताकद. आटे झिजून नुसता फिरणारा स्क्रूही 'बाका' होतो.

आणि हाच शब्द संसदेत उच्चारला गेला तेव्हा? २८ फेब्रुवारी १९५३ रोजी अर्थसंकल्प समितीत समाजवादी सदस्य निशिमुरा एइइची यांच्या प्रश्नांनी पंतप्रधान योशिदा शिगेरू चिडले. जागेवर बसता बसता ते 'बाकायारो' असं पुटपुटले. मागचा 'यारो' हा तुच्छतेचा, 'बाका'ला धार लावणारा. पुटपुटणं मायक्रोफोनने टिपलं. योशिदांनी शब्द लगेच मागे घेतला, पण प्रकरण थांबलं नाही. त्यांच्या पक्षातही फूट होतीच. १४ मार्चला अविश्वास ठराव मंजूर झाला आणि त्यांनी सभागृह विसर्जित केलं. एप्रिलच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचं बहुमत गेलं. जपानच्या राजकीय इतिहासात ही घटना आजही 'बाकायारो विसर्जन' याच नावाने ओळखली जाते.