पिंपातलं एकत्र कुटुंब

"जगातलं तेल आता जेमतेम ५० वर्षं पुरणार" असा निरोप अधूनमधून फोनवर येतो. सोबत हात जोडलेलं चित्र असतं. गंमत अशी की १९८० च्या सुमारास हाच आकडा ३० च्या आसपास होता. त्या हिशोबाने २०१० साली विहिरी कोरड्या पडायला हव्या होत्या. तसं झालं नाही, कारण हा आकडा म्हणजे नुसता भागाकार आहे. आजच्या भावात आणि आजच्या तंत्राने काढता येईल असं नोंदीतलं तेल सुमारे १.७ लाख कोटी बॅरल (एक बॅरल म्हणजे १५९ लिटरचं पिंप). जग रोज वापरतं अंदाजे १० कोटी बॅरल. भाग द्या, उत्तर ५० च्या आतबाहेर येतं. भाव वाढला किंवा नवं तंत्र आलं की वरचा आकडा फुगतो आणि "उरलेली वर्षं" पुन्हा वाढतात.

खरी चूक भागाकारात नाही, त्यामागच्या चित्रात आहे. आपल्या डोळ्यांसमोर टाकी असते, तिचा काटा हळूहळू शून्याकडे सरकतोय. पण जमिनीखाली तेलाची टाकी नसते, तळंही नसतं. भिजलेल्या विटेत पाणी असतं तसं ते खडकाच्या कणांमधल्या फटींत मुरलेलं असतं. विहीर खोदली की सुरुवातीला आतल्या दाबानेच तेल वर येतं. दाब ओसरला की पाणी किंवा वायू आत रेटून ते ढकलावं लागतं. एवढं करूनही बऱ्याच ठिकाणी निम्म्याहून जास्त तेल खडकातच राहतं. १८५९ साली एडविन ड्रेकला अमेरिकेत टायटसव्हिलला अवघ्या २१ मीटरवर तेल लागलं होतं. आज काही ठिकाणी दोन किलोमीटर खोल समुद्र ओलांडून त्याखालचा खडक भेदावा लागतो. तेव्हा "शेवटचा थेंब" वगैरे काही येणार नाही. पुढचा प्रत्येक थेंब आधीच्यापेक्षा महाग पडत जाईल, इतकंच.

शिवाय हवामानाने मुदत आधीच कापून ठेवली आहे. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोही भरत नाही, पण ते जळून सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे वजन आलं कुठून? हवेतून. कार्बनच्या १२ भागांना ऑक्सिजनचे ३२ भाग चिकटतात, शाळेतलंच गणित. बॅरलमागे साधारण ४३० किलो धरले तर नोंदीतलं सगळं तेल जाळल्यावर ७३ हजार कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याची निम्मी तरी शक्यता राहावी म्हणून २०२० च्या सुरुवातीपासून पुढे जगाला मिळालेलं एकूण खातं होतं ५० हजार कोटी टनांचं, आणि त्यातच कोळसा आणि नैसर्गिक वायूही आले. दरवर्षी आपण त्यातले ४ हजार कोटी टन उडवतोय. थोडक्यात, तेल आपल्याला पुरून उरणार आहे, दोन्ही अर्थांनी.

इथपर्यंत बरेच लेख येतात आणि मग विजेच्या गाड्यांकडे वळतात. मला त्याआधी थांबायचंय, कारण तेल ही एक वस्तू नाही, हे कुणी सांगतच नाही. ते एकत्र कुटुंब आहे.

रिफायनरीत कच्चं तेल भट्टीत साडेतीनशे अंशांपर्यंत तापवतात आणि एका उंच मनोऱ्यात खालून सोडतात. मनोरा तळाशी तितकाच तापलेला, माथ्याशी जेमतेम शंभर-सव्वाशे अंशांचा. आत एकावर एक तीस-चाळीस आडवे ट्रे. प्रत्येक ट्रेला भोकं, आणि ट्रेवर द्रवाचा पातळ थर. खालून येणारी वाफ त्या भोकांतून बुडबुड करत वर चढते. आता एकाच ट्रेकडे बघत राहा. वाफेत कार्बनच्या लांब साखळीचे जड रेणू आहेत, आखूड साखळीचे हलकेही आहेत. द्रवाच्या थरातून जाताना वाफ जराशी निवते आणि त्यातले जड रेणू द्रवात उतरतात. उतरताना ते आपली उष्णता सोडतात. तीच उष्णता घेऊन त्या थरात अडकलेले हलके रेणू वाफ होऊन वर निघतात. एकाचं निवणं दुसऱ्याच्या उकळण्याला इंधन पुरवतं! ट्रेला वेगळी शेगडी लागत नाही. वरच्या ट्रेवर पुन्हा तेच, त्याच्या वर पुन्हा तेच. माथ्यावर निवलेल्या द्रवातला काही भाग मुद्दाम परत वरच्या ट्रेवर ओततात, म्हणजे खालून वर चढणाऱ्यांना वरून खाली येणारे भेटत राहतात. या अदलाबदलीत मनोऱ्याच्या प्रत्येक उंचीवर एकेक जातीचे रेणू जमतात. मी हे पहिल्यांदा नीट समजून घेतलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

वर निघतो वायू, त्याखाली ५ ते १२ कार्बनच्या साखळ्यांचं पेट्रोल आणि नाफ्था (पेट्रोलच्याच जातीचा हलका द्रव), मग केरोसीन (विमानाचं इंधनही हेच), मग डिझेल. साखळी जितकी लांब तितकी रेणूंची एकमेकांना ओढ जास्त, म्हणून उकळायला उष्णता जास्त. तळाशी काळा गाळ उरतो. त्याला आणखी तापवून चालत नाही, साखळ्याच तुटायला लागतात. म्हणून तो दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन आतला दाब कमी करतात. डोंगरावर पाणी लवकर उकळतं, तीच युक्ती. त्यातून वंगण निघतं, मेण निघतं आणि अगदी शेवटी डांबर.

म्हणजे काय, तर नुसतं डिझेल मागवता येत नाही. एकाला बोलावलं की सगळं घर येतं. कोण किती येणार हे त्या विहिरीच्या तेलाचा पिंड ठरवतो.

या घराचा कर्ता एकदा बदललेला आहे. १९ व्या शतकात सगळ्यांना हवं होतं ते दिव्यासाठी केरोसीन. पेट्रोल हा भडकणारा, धोकादायक उपद्रव होता आणि तो सर्रास नदीनाल्यांत सोडून दिला जायचा. मग विजेचा दिवा आला, केरोसीनची सद्दी संपली. पाठोपाठ मोटार आली आणि फेकून दिलेलं पेट्रोल गादीवर बसलं. ते इतकं लागायला लागलं की मनोऱ्यातून आपसूक येणारा वाटा पुरेना. १९१३ साली विल्यम बर्टनने जड तेल दाबाखाली तापवून त्याच्या लांब साखळ्या तोडायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे युजीन हूड्रीने हेच काम मातीच्या जातीचा उत्प्रेरक वापरून जास्त सफाईने करून दाखवलं.

साखळ्या तुटताना बघायच्या असतील तर मेणबत्ती पेटवा. मेण म्हणजे २०-४० कार्बनच्या साखळ्या. वातीवर चढून त्यांची वाफ होते, ज्योतीच्या आत त्या तुटतात, आणि तुटताना सुटलेले काजळीचे कण तापून पिवळे चमकतात. आपल्याला दिसतो तो उजेड मुख्यतः या काजळीचाच. आता फुंकर मारा. वातीतून जी पांढरी रेघ वर जाते ती मेणाची निवलेली वाफ. पेटती काडी वातीला न लावता त्या रेघेला लावा, ज्योत उडी मारून वातीवर उतरते. (दोनचार वेळा चुकतं. वारा नको.)

तोडणं सोपं आणि जोडणं अवघड, यामागे ऊष्मागतिकी आहे. वीस कार्बनची साखळी तुटून बारा आणि आठची झाली की एका रेणूचे दोन होतात, अव्यवस्था म्हणजे एन्ट्रॉपी वाढते, आणि तापमान चढवत नेलं की तिचं पारडं जड होत जातं. शिवाय दोघांना पुरेल इतका हायड्रोजन नसतो, म्हणून एका तुकड्यात कार्बन-कार्बन दुहेरी बंध तयार होतो, आणि अशाच दुहेरी बंधाच्या इथिलीनपासून प्लास्टिक सुरू होतं. उलट दिशेने, छोट्या रेणूंपासून लांब साखळी विणायची फिशर-ट्रॉप्श पद्धत १९२५ पासून माहीत आहे. पण तिला आधी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार करून द्यावे लागतात आणि त्यात ऊर्जा भरमसाट जाते. एन्ट्रॉपीपाशी कुणी गळालं असेल तर हरकत नाही. मोडायला घण पुरतो, घडवायला कारागीर लागतो, एवढं पुढे पुरेल.

आता कर्ता दुसऱ्यांदा बदलतोय. अमेरिकेतल्या रिफायनऱ्यांत १५९ लिटरच्या एका बॅरलमधून साधारण १७० लिटर माल निघतो (साखळ्या तुटल्या की आकारमान वाढतं) आणि त्यातलं ७० लिटरहून जास्त पेट्रोल असतं. गाड्या विजेवर गेल्या की हाच सगळ्यात मोठा वाटा बेवारस होतो. तो फेकणार कोण? त्याच्या जातीचा नाफ्था साडेआठशे अंशांच्या भट्टीत तोडून इथिलीन करता येतो. म्हणून पहिला परिणाम लोकांना वाटतो त्याच्या उलट असू शकतो, प्लास्टिक दुर्मीळ न होता काही काळ स्वस्तच होईल. पेट्रोलपंप ओस पडत असताना पिशव्यांचा ढीग वाढलेला दिसला तर नवल नको.

विमान हे घरातलं हट्टी पोर. जेट इंधनाच्या एका किलोत सुमारे १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते, चांगल्या लिथियम बॅटरीच्या किलोत पाव किलोवॉट-तास. शिवाय इंधन उडताना जळून जातं आणि विमान हलकं होत जातं. बॅटरी उतरली तरी वजन तेवढंच. त्यात हवा तापली की विरळ होते आणि पंखांना उचल कमी मिळते. जून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्सला पारा ४८ च्या वर गेला तेव्हा छोट्या जेट विमानांची डझनावारी उड्डाणं रद्द करावी लागली होती. लांबचा विमानप्रवास पुन्हा चैनीची बाब होईल, असा माझा अंदाज आहे.

गंधकाकडे मात्र कुणाचंच लक्ष नाही. कच्च्या तेलात आणि नैसर्गिक वायूत गंधक असतं. ते जळलं की आम्लपाऊस, म्हणून रिफायनरीत ते काढून टाकतात. हा कचरा इतका साठतो की जगाला लागणारं बहुतेक गंधक आता तिथूनच येतं आणि गंधकाच्या खाणी जवळपास बंद पडल्या. त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं, आणि त्या आम्लाचा सर्वात मोठा वाटा जातो फॉस्फेट खतांना. फॉस्फेटचा दगड पाण्यात विरघळत नाही, आम्लाने फोडल्याशिवाय पिकाच्या मुळांना त्याचा उपयोग नाही. म्हणजे तेल थांबलं की शेतीचं फुकटासारखं गंधकही थांबणार. आणि बॅटरीसाठी लागणारं निकेल धातुकातून काढायला पुन्हा हेच आम्ल लागतं!

अशा गुंत्याचा कंटाळा आला की माणसं पाण्यावर चालणाऱ्या गाडीच्या चित्रफिती बघतात. पाणी म्हणजे जळून गेलेल्या हायड्रोजनची राख. राख पुन्हा पेटवायची तर आधी तिला निदान तेवढीच ऊर्जा परत द्यावी लागते. १९९६ साली अमेरिकेतल्या ओहायोच्या न्यायालयाने अशाच एका गाडीच्या जनकाला फसवणूक केल्याबद्दल गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. तरी दर दोनचार वर्षांनी एखादा नवा जनक उगवतोच.

राहिलं डांबर, पिंपाच्या तळातलं. गाडी कशावरही चालो, धावणार याच्यावर. विजेच्या गाड्या जड असतात म्हणून त्या रस्ते फोडतील अशी ओरड ऐकू येते, ती फारशी खरी नाही. रस्त्याची झीज आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. दहा टनांच्या ट्रकचा एक आस एक टनाच्या मोटारीच्या आसापेक्षा दहा हजार पटीने रस्ता झिजवतो. मोटारीत बॅटरीची थोडी भर पडल्याने त्यात काय फरक पडणार?

डांबराला खरा त्रास उन्हाचा. त्याची प्रतच अनेक ठिकाणी तापमानावरून ठरवतात. 'पीजी ६४-२२' (पीजी म्हणजे परफॉर्मन्स ग्रेड, कामगिरीची प्रत) म्हणजे रस्त्याचा पृष्ठभाग ६४ अंशांपर्यंत तापला तरी मऊ पडून चाकोरी उमटू नये आणि उणे २२ पर्यंत निवला तरी तडकू नये. या प्रती सहा-सहा अंशांच्या पायऱ्यांनी चढतात. उन्हाळे तापतील तसा पहिला आकडा ६४ चा ७० करावा लागणार, म्हणजे जास्त कडक डांबर किंवा त्यात रबरासारखी पॉलिमर, आणि तीही बहुधा त्याच पिंपातून. आणि रिफायनऱ्या कमी झाल्या की तळातला गाळही कमी. म्हणून जुना रस्ता खरवडून तीच खडी, तेच डांबर पुन्हा वापरायची पद्धत आतापासूनच रुळली आहे. खरवडलेला तुकडा हातात घेतला तर ठिसूळ लागतो, वर्षानुवर्षं हवेतल्या ऑक्सिजनने त्याला सुकवलेलं असतं. त्यात तेलकट पदार्थ मिसळून त्याला पुन्हा मऊ करतात. वीस वर्षांपूर्वी ज्या पिंपातून हे डांबर निघालं, त्यातलं पेट्रोल तेव्हाच कुठल्यातरी गाडीत जळून गेलं. त्याच्या कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग अजून हवेत आहे आणि रस्त्याला तापवायला हातभार लावतोय.