तुडतुड्याचे पंख आणि जनुकांचा आवाज मोजायची भानगड

भाताच्या खाचरात एखाद्या चुडाच्या बुंध्याशी वाकून बघितलं की पाण्याच्या जरा वर बारीक तपकिरी किडे चिकटलेले दिसतात, हात लावायला गेलं की तिरके तिरके पळतात नाहीतर टुणकन उडी मारतात. हेच ते तपकिरी तुडतुडे. लांबी जेमतेम तीन-चार मिलिमीटर, पण संख्या हाताबाहेर गेली की शेतात मधेच गोल गोल चट्टे पडून भात वाळत जातो, जणू कोणी तिथे आग लावलीय, म्हणून त्याला हॉपर बर्न असंच नाव पडलंय. वर हे किडे रस पिता पिता भाताचे दोन-तीन व्हायरससुद्धा इकडून तिकडे पोचवतात, ते वेगळंच.

पण मला यात सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे यांचे पंख. एकाच आईची पिल्लं, त्यातली काही मोठी होऊन लांब पंखांची होतात आणि काही आखूड पंखांची. लांब पंखवाले वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडतात, म्हणजे जपानच्या थंडीत ही कीड तग धरूच शकत नाही, तरी दरवर्षी तिथल्या भातावर हजर असते कारण ती चीनकडून उडत येते. आखूड पंखवाल्यांना उडता येत नाही, पण त्यांच्या माद्या अंडी लवकर घालायला लागतात आणि जास्त घालतात. थोडक्यात काय, एक फौज मुलूख शोधायला आणि दुसरी तिथे बस्तान बसवायला. आणि गंमत अशी की दोघांची जनुकं तीच! मग फरक येतो कुठून?

२०१४ मध्ये या किड्याचा अख्खा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, वाचून झाला, साधारण ११४ कोटी अक्षरं आणि २७ हजारांच्या वर जनुकं. म्हणजे आकड्याने बघितलं तर माणसापेक्षा जास्तच जनुकं, चार मिलिमीटरच्या किड्यात. पण टेलिफोन डिरेक्टरी हातात आली म्हणून आत्ता या क्षणाला कोण कोणाशी बोलतंय ते थोडंच कळतं? जनुक शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतंच, प्रश्न असतो ते चालू आहे का आणि किती जोरात. चालू असलं की त्याच्या आरएनए प्रती निघतात, त्या प्रतींवरून प्रोटीन बनतं. तर आरएनएच्या प्रती मोजल्या की जनुकाचा आवाज मोजल्यासारखं होतं. ऐकायला सोपं आहे, करताना मात्र पावलोपावली फसगत.

पहिली अडचण आरएनए स्वतःच. अतिशय नाजूक पदार्थ, त्याचे तुकडे करणारे एन्झाइम आपल्या हातांवर, टेबलावर, सगळीकडे असतात, त्यामुळे किडा पकडला की लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचा आणि उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायचा, ग्लोव्ह्ज काढायचे नाहीत. मग आरएनए वेगळा काढायचा, त्याची डीएनए प्रत बनवायची, आणि ती मशीनमध्ये घालून पुन्हा पुन्हा दुप्पट करत जायची. मशीन बघत असतं की कितव्या फेरीला सॅम्पल ठरलेल्या पातळीइतकं चमकायला लागलं. मुळात प्रती जास्त असतील तर लवकर चमकणार, कमी असतील तर उशिरा. दर फेरीला दुप्पट म्हणजे एका फेरीचा फरक दोन पट, तीन फेऱ्यांचा आठ पट, पाच फेऱ्यांचा बत्तीस पट. याला क्यूपीसीआर म्हणतात, कोविडच्या वेळी सगळ्यांच्या तोंडी जी सीटी व्हॅल्यू होती ना, ती म्हणजे हीच फेरी.

आता खरी गोम इथे आहे. समजा एका नळीत चुकून थोडा जास्त आरएनए पडला तर सगळीच जनुकं जोरात वाटणार. म्हणून तुलनेला एक असं जनुक घेतात ज्याचा आवाज काही झालं तरी बदलत नाही असं आपण मानतो, ते झालं रेफरन्स जीन. बरेच लोक सवयीने ॲक्टिन नावाच्या प्रोटीनचं जनुक घेतात. पण ॲक्टिन स्नायूंमध्ये भरपूर असतं, आणि लांब पंखवाल्यांचे उडायचे स्नायू चांगले वाढलेले असतात, आखूडवाल्यांचे नसतात. म्हणजे दोघांची तुलना करताना मोजपट्टीच रबराची निघाली तर? म्हणून शहाणे लोक आधी आठ-दहा जनुकं तपासून बघतात की त्यातली कुठली खरंच स्थिर आहेत, आणि एकावर न थांबता दोन-तीन मिळून वापरतात. हे काम कंटाळवाणं आहे, यातून कोणाला मोठं नाव मिळत नाही, पण ते न करता काढलेले आकडे वाचताना मी तरी हात राखूनच विश्वास ठेवतो.

दुसरी फसगत म्हणजे भूक. कीड-प्रतिकारक भातावर तुडतुडे ठेवले आणि साध्या भातावर ठेवले, मग कुठली जनुकं बदलली ते बघितलं, तर शेकड्यांनी यादी निघते आणि वाटतं वा, किडा भाताच्या विषाशी लढतोय. पण प्रतिकारक भातावर किडा मुळात नीट रसच पीत नाही, म्हणजे तो उपाशी असतो, आणि यादीतला मोठा भाग नुसत्या उपासमारीचा असू शकतो. मग तिसरा गट लागतो, नुसता उपाशी ठेवलेला, तरच दोन्ही वेगळं काढता येतं. आणि हो, या किड्याच्या पोटात यीस्टसारखी बुरशी पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला असते, रसात जी अमिनो ॲसिडं पुरेशी नसतात ती बनवून देते, त्यामुळे अख्खा किडा वाटून आरएनए काढला तर त्यात पाहुण्याचाही आवाज मिसळलेला असतो!

बरं, पंखांकडे परत येऊ. २०१५ मध्ये चीनमधल्या झेजियांग विद्यापीठातल्या टीमने दाखवलं की यामागे चक्क इन्सुलिन आहे, म्हणजे आपल्याला डायबिटिसमुळे माहीत असलेल्या इन्सुलिनचं किड्यातलं भावंड. तुडतुड्याच्या पेशींवर इन्सुलिनचा निरोप घेणारे दोन रिसेप्टर असतात. पहिला निरोप पुढे पाठवतो, मग फॉक्सो नावाचं प्रोटीन गप्प बसतं आणि पंख लांब होतात. दुसरा रिसेप्टर पहिल्याला आवर घालतो, मग फॉक्सो मोकळं सुटतं आणि पंख आखूड राहतात. हे नुसतं मोजून कळलं नाही, कारण दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. त्यांनी पिल्लांना दुपदरी आरएनएचं बारीकसं इंजेक्शन दिलं, त्याने नेमकं एकच जनुक गप्प करता येतं, आरएनए इंटरफिअरन्स म्हणतात त्याला, २००६ चं नोबेल याच शोधाला होतं. पहिला रिसेप्टर गप्प केला तर पिल्लं मोठी होऊन आखूड पंखांची, दुसरा गप्प केला तर लांब पंखांची. विचार करा, चार मिलिमीटरच्या किड्याच्या पिल्लाला इंजेक्शन, हात किती स्थिर हवा!

नंतर असंही दिसलं की भात म्हातारा होत जातो तसं त्यातलं ग्लुकोज वाढतं आणि ते प्यायलेली पिल्लं जास्त करून लांब पंखांची होतात. म्हणजे पीक संपत आलंय ही बातमी रसातूनच पोटात जाते, आणि बाडबिस्तरा बांधायची तयारी सुरू.

जनुकांचा आवाज मोजायचं हेच तंत्र कीटकनाशकांच्या बाबतीत वापरलं तेव्हा अजून एक धडा मिळाला. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक आधी यांच्यावर छान चालायचं, पण साधारण २००३ पासून आशियात ते फेल जायला लागलं. शोध घेतला तर सीवायपी६ईआर१ नावाचं एक जनुक दाद न देणाऱ्या किड्यांमध्ये काही ठिकाणी ४० पटींपर्यंत जोरात होतं, आणि त्याचं प्रोटीन औषधाची मोडतोड करतं. झालं, केस क्लोज, असं वाटलं. पण २०१८ मध्ये कळलं की या किड्यांमध्ये ते जनुक एकाचं दोन झालंय, आणि त्यातल्या एका प्रतीत असे बदल झालेत की तिचं प्रोटीन औषध फोडण्यात जास्त तरबेज आहे, आणि जोरात चालू आहे ती नेमकी हीच बदललेली प्रत. नुसता आवाज वाढला नव्हता, बोलणंही बदललं होतं. पीसीआर मशीनला दोन्ही प्रती सारख्याच दिसत असतील तर ते कसं कळणार, ते फक्त आवाज मोजतं.

मग साहजिक प्रश्न, असं एखादं महत्त्वाचं जनुक शेतातच गप्प करून टाकता येईल का? शेतातल्या लाखो तुडतुड्यांना इंजेक्शन तर देता येत नाही. २०११ मध्ये असा भात बनवून बघितला जो स्वतःच दुपदरी आरएनए तयार करतो, म्हणजे किडा रस पिणार आणि त्याच्या आतड्यातली ठरावीक जनुकं शांत होणार. जनुकं शांत झालीसुद्धा, मोजून खात्री केली. तुडतुडे मात्र मेले नाहीत, रस पीत राहिले.