लॅपटॉपचा आय७, डेस्कटॉपचा आय७ : नाव एक झालं कसं?

जून लागला की नागपूरच्या बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) कॉम्प्युटरच्या दुकानांत इंजिनीअरिंगला निघालेली पोरं आणि त्यांच्या मागे आई-वडील दिसू लागतात. प्रश्न ठरलेला असतो : लॅपटॉपातही आय७, डेस्कटॉपातही आय७, मग स्पीड सारखाच ना? आय७ हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपचं, नाव. २०१७च्या उन्हाळ्यात मीही एका दुकानदाराच्या ‘आय७ म्हंजे आय७ जी भाऊ’वर विसंबून लॅपटॉप उचलला. घरी येऊन पाहतो तर आय७-७५००यू, कोअर (चिपमधले काम करणारे स्वतंत्र भाग) दोन. त्याच पिढीतल्या डेस्कटॉपच्या आय७-७७००मध्ये चार होते. चूक दुकानदाराची थोडी, नावांच्या इतिहासाची जास्त.

बॅटरीवर चालणाऱ्या मशीनचा वेगळा विचार करून इंटेलने ३८६एसएल हा प्रोसेसर आणला तो १९९० साली. खरी गंमत मात्र २०००च्या जानेवारीतली. तेव्हाचा ६५० मेगाहर्ट्झचा मोबाइल, म्हणजे लॅपटॉपसाठीचा, पेंटियम ३ चार्जरची वायर काढली की ५०० मेगाहर्ट्झवर उतरायचा आणि त्याचं व्होल्टेज १.६वरून १.३५वर यायचं. चिप खाते ती वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेज वाढलं तर त्याच्या वर्गाच्या पटीत. हिशेब करून बघा : वेग गेला २३ टक्के, वीज वाचली जवळपास ४५ टक्के. लॅपटॉपच्या प्रोसेसरचं सगळं शास्त्र या सौद्यात आहे. थोडा वेग सोडायचा आणि बरीच उष्णता टाळायची.

डेस्कटॉपवाल्यांना तेव्हा हा सौदा नकोच होता. पेंटियम ४च्या जमान्यात गिगाहर्ट्झचा, म्हणजे वेगाचा, आकडा फुगवणं एवढंच चाललं होतं. २००४मध्ये तो ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेला आणि ११५ वॅटवर धापा टाकू लागला. ४ गिगाहर्ट्झचा बेत इंटेलने त्याच वर्षी गुंडाळला. तिकडे इस्रायलमधल्या हैफाच्या टीमने मार्च २००३मध्ये पेंटियम एम काढला होता. १.६ गिगाहर्ट्झ, २४.५ वॅट, आणि कित्येक कामांत दोन गिगाहर्ट्झच्या पुढच्या पेंटियम ४ला तोडीस तोड. थोरला उधळत होता, काटकसर शिकला तो धाकटा. जुलै २००६मध्ये डेस्कटॉपवर कोअर २ ड्युओ आला तो याच धाकट्याच्या घराण्यातला. आज टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये जी चिप आहे, तिच्या खापरपणजोबांत एक लॅपटॉपवाला आहे, हे गेमिंगवाल्या पोरांना सांगितलं तर पटत नाही.

नावाचा घोळ यानंतरचा. आय७ हे नाव नोव्हेंबर २००८मध्ये डेस्कटॉपवर आलं, सप्टेंबर २००९मध्ये लॅपटॉपवर. डेस्कटॉपचा आय७-८६० मुळात २.८ गिगाहर्ट्झचा, ९५ वॅटचा. लॅपटॉपचा आय७-७२०क्यूएम १.६चा, ४५ वॅटचा. पण टर्बोमध्ये (थोडा वेळ मूळ वेगाच्या वर धावताना), तेही एकाच कोअरवर भार असताना, तोसुद्धा २.८ गाठायचा. खोक्यावर मोठा आकडाच छापतात, लग्नाच्या बायोडाटासारखा.

पुढे लॅपटॉप बारीक झाले, १५ वॅटवर आले, आणि त्या पातळ यंत्रांतला आय७ दोन कोअरवर अडकला तो थेट ऑगस्ट २०१७पर्यंत. प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरने त्याच वर्षी बाजार तापवल्यावर इंटेलने १५ वॅटमध्ये चार कोअर बसवले. माझी खरेदी त्याआधी दोन महिन्यांची. बसलो हात चोळत.

तुलना कशाची करायची, हे सर्वांत स्वच्छ दाखवलं ॲपलने. नोव्हेंबर २०२०मध्ये एम१ ही एकच चिप मॅकबुक एअरमध्येही आली आणि मॅक मिनीमध्येही. एअरला पंखा नाही, मिनीला आहे. छोट्या कामात दोन्ही सारखेच चपळ. अर्धा तास व्हिडिओ रेंडर करत (एडिट केलेल्याची अंतिम फाइल बनवत) ठेवा, एअर तापून पाय ओढायला लागतो. चिप तीच, फरक फक्त उष्णता बाहेर काढण्याचा.

आता हे नागपुरात आणून पाहू. इथे २३ मे २०१३ला पारा ४७.९वर गेला होता. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि चिप साधारण १०० अंशांना स्वतःचा वेग कापते. एसीतल्या २२ अंशांच्या खोलीत तिला ७८ अंशांची मोकळीक मिळते, नवतप्यातल्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या) ४२ अंशांच्या खोलीत ५८ची. म्हणजे तोच पंखा तेवढ्याच वेगाने फिरून चतुर्थांश उष्णता कमी बाहेर टाकणार. माझा आय७ मे महिन्यात दुपारी रेंडरला लावला, की पहिलं मिनिटभर साडेतीन गिगाहर्ट्झ दाखवायचा, मग घसरत अडीचच्या खाली. शेवटी स्टुलावर ठेवून वाळ्याच्या कूलरसमोर धरला. वेग आला, पण जाळीत धूळ आणि कीबोर्डवर पाण्याचे थेंबही आले. डेस्कटॉपलाही ऊन लागतंच, पण त्याचं हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) मुठीएवढं आणि कॅबिनेटमध्ये हवेला जागा.

आकडे आजही तसेच फसवतात. बाराव्या पिढीचा आय७-१२५५यू ४.७ गिगाहर्ट्झचा, आय७-१२७०० ४.९चा. फरक दिसतो ०.२चा. मूळ वॅट मात्र एकाचे १५, दुसऱ्याचे ६५, आणि टर्बोत ५५ विरुद्ध १८०. एक्सेल, ब्राउझर, कॉलेजची असाइनमेंट यांत हा फरक जाणवणारही नाही. ऑटोकॅड किंवा व्हिडिओच्या लांबलचक कामात घड्याळ बघत बसावं लागेल.

परवा पुतण्याला घेऊन पुन्हा बर्डीला गेलो. काउंटरवरच्या पोराला विचारलं, ‘हा प्रोसेसर किती वॅटचा?’ त्याने खोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, ‘चार्जर ६५चा हाये जी भाऊ.’